सत्ता घेणारे परत गेले म्हणून

१७ सप्टेंबरला हिंगोलीत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. तिथून वाशीम जिल्ह्यात शिरले की तीच तारीख कामाचा साधा दिवस असते.

हा फरक १८५३ सालचा. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी हैदराबादच्या निजामाने वाशीमसह वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. वाशीम कागदोपत्री निजामाचे राहिले, पण हुकूम गोऱ्या साहेबाचा. तीही परकी सत्ताच. तरी १९३७ साली निदान ऐपतदार आणि शिकलेल्या वाशीमकरांनी प्रांतिक विधिमंडळासाठी मत टाकले. पलीकडे, हिंगोली ज्यात होती त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. नाणेसुद्धा वेगळे होते: इंग्रजांच्या सहा कलदार रुपयांना निजामाचे साधारण सात हाली रुपये.

सप्टेंबर १९४८ मधली हैदराबादवरची भारताची लष्करी कारवाई पाच दिवसांत आटोपली. तिचे पोवाडे पुष्कळ झाले. पुढच्या साडेतीन वर्षांकडे मात्र आपले लक्ष जात नाही, आणि खरी परीक्षा तर तिथे होती.

लष्करी प्रशासक जयंतनाथ चौधरी १९४९ च्या अखेरीस पायउतार झाले. त्यांच्या जागी मुलकी अधिकारी वेल्लोडी आले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. दरम्यान जहागिऱ्या गेल्या. निजामाला राजप्रमुख केले, हे अनेकांना खटकले, खटकण्यासारखेच होते. पण दरबाराला मान देऊन सत्ता काढून घेण्याचा तो व्यवहारी सौदा ठरला.

तेलंगणात १९५१ पर्यंत बंदुका चालवणारे कम्युनिस्टही मतपेटीकडे वळले. पक्षावर बंदी, म्हणून ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभे राहिले आणि विधानसभेच्या १७५ पैकी ४२ जागा त्यांनी जिंकल्या. नलगोंड्याच्या रवी नारायण रेड्डींना लोकसभेसाठी खुद्द नेहरूंपेक्षा जास्त मते पडली. कालचे बंडखोर आज विरोधी बाकांवर! याहून मोठे स्थैर्य कोणती छावणी देणार होती?

सत्ता परत देण्याबाबत म्यानमारच्या सेनापतींनी मात्र उलटा हिशेब मांडला. २००८ च्या राज्यघटनेत संसदेच्या पाव जागा लष्करासाठी राखल्या, निवडणुका होऊ दिल्या आणि निकाल नकोसे झाल्यावर १ फेब्रुवारी २०२१ रोजी सगळेच ताब्यात घेतले. मधल्या काळापुरती सत्ता हाती घेणारा वेळेवर घरी गेला नाही, तर निवडणूक नुसता देखावा उरतो.

हैदराबादचा हिशेबही कोरा नाही. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार आपण दरवर्षी आठवतो, ते योग्यच. पण कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने कित्येक दशके दडवून ठेवला. मुक्तिदिनाच्या भाषणांत रझाकारांबरोबर हा अहवाल आणि १९५२ चे मतदान, दोन्ही यायला हवेत. हिंगोलीच्या व्यासपीठावरून तर हवेतच. आणि वाशीमच्या शाळांनीही शेजारच्या जिल्ह्याचा हा इतिहास परक्या मुलखाचा म्हणून सोडून देऊ नये.