तुकड्यांचे श्रोते

वेसाव्याहून मढला येणारी फेरीबोट खाडी ओलांडावयास कांहीं मिनिटेंच घेते. परवां तेवढ्या अवधींत शेजारीं उभ्या असलेल्या एका सुशिक्षित तरुणानें भ्रमणध्वनीवर एका मुलाखतीचे तीन तुकडे आम्हांस दाखविले, आणि बोट धक्क्यास लागण्यापूर्वीं पाहुण्याविषयींचा आपला निकालही ऐकविला. "सबंध कार्यक्रम पाहिलात काय?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सर, एवढा वेळ कोणाला आहे? मुख्य तें सगळें ह्यांत आलेंच आहे." मुख्य काय हें ठरविलें कोणीं, हा प्रश्न त्याच्या मनास शिवलाही नव्हता. तो एकटाच असा असता तर आम्हीं लेखणी हातीं घेतली नसती.

रात्रीच्या गप्पांचा कार्यक्रम हा मूळचा अमेरिकन प्रकार. एन. बी. सी.चा 'टुनाइट शो' १९५४ सालीं सुरू झाला. दिवसाच्या घडामोडींवर चार शेरे, मग पाहुण्यांशीं गोष्टी, ही त्याची घडण पुढें अनेक देशांनीं उचलली. १९९७ सालीं शेखर सुमन ह्यांनीं 'मूव्हर्स अँड शेकर्स'मध्यें ती हिंदींत आणली. मराठी घरांस मात्र त्याही पूर्वीं गप्पांचें वावडें नव्हतें. १९७२ सालीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर 'प्रतिभा आणि प्रतिमा'नें साहित्यिकांस व कलावंतांस आमच्या दिवाणखान्यांत आणून बसविलें. २०२३ सालीं अवधूत गुप्ते ह्यांच्या 'खुपते तिथे गुप्ते'चें तिसरें पर्व राज ठाकरे ह्यांच्या मुलाखतीनें सुरू झालें, तेव्हांही रविवारीं रात्रीं नऊ वाजतां घरोघरीं माणसें एकत्र बसलींच.

ह्या सर्वांचें खरें भांडवल पाहुण्याची कीर्ति नव्हे. वेळ हें होय. माणूस पहिलीं दहा मिनिटें घरून पाठ करून आणलेलें बोलतो. तें संपलें कीं तो अडखळतो, स्वतःचें वाक्य दुरुस्त करतो, नको त्या आठवणीनें गहिंवरतो किंवा स्वतःवरच हसतो. आणि तेथून मुलाखत सुरू होते. तुकडा करणारा नेमका हाच भाग टाकून देतो. त्याला खटका पाहिजे, टोला पाहिजे. प्रश्नाचा कांटा ठेवावयाचा आणि उत्तराचें मलम फेकून द्यावयाचें, ही त्याची कारागिरी. आणि बोलणाऱ्यांसही हें आतां कळूं लागलें आहे. समोरच्याशीं बोलतांना त्यांचें अर्धें लक्ष, उद्यां आपलें कोणतें वाक्य फिरेल, ह्याकडे असतें.

आम्हां मढकरांस ह्या कारागिरीचें गूढ वाटूं नये. येथील बंगल्यांत मालिकांचें चित्रण नित्य चालतें. आज जो वाडा सज्जन सासऱ्याचा, तोच उद्यां खलनायकाचा. पडद्यावर झुंबर दिसतें. त्याच गांवांत बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील कधीं दिसत नाहींत, त्यांचा वास तर दूरच. येथल्या कोळिणीस विचारा. ती सांगेल कीं चौकट म्हणजे घर नव्हे. जें तिला कळतें तें आमच्या पदवीधरांस कळूं नये, ही शोचनीय गोष्ट होय.

ह्यावर कोणी म्हणेल कीं ह्याच माध्यमानें बोलणाऱ्यास स्वातंत्र्य दिलें. तें खरें आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत, सरकारी नियामकाच्या दटावणीनंतर, अमेरिकेच्या एबीसी वाहिनीनें जिमी किमेल ह्यांचा रात्रीचा कार्यक्रम कांहीं दिवस बंद ठेवला. तो २३ तारखेस पुन्हां सुरू झाला तरी नेक्स्टार व सिंक्लेअर ह्या कंपन्यांनीं आपल्या केंद्रांवर तो लागलीच दाखविला नाहीं. परंतु किमेल ह्यांचें त्या रात्रीचें भाषण यूट्यूबवर कोट्यवधि वेळां पाहिलें गेलें. मात्र तें तेथें सलग ठेवलेलें होतें, हें विसरूं नये. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे, आणि लोकांस लांब ऐकवत नाहीं हेंही खरें नव्हे. आमचें भांडण कात्रीशीं आहे.

ही कात्री दुधारी असते. २०२५ च्या फेब्रुवारींत 'इंडियाज गॉट लेटंट' ह्या यूट्यूबवरील कार्यक्रमांत एका पाहुण्या परीक्षकानें विचारलेला ओंगळ प्रश्न तुकड्याच्या रूपानें देशभर फिरला. गुन्हे नोंदले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, कर्त्यानें सारे भाग मागें घेतले. तो प्रश्न ओंगळच होता. सबंध भाग पाहिल्यानें तो सोंवळा झाला नसता. पण असलें वाक्य बोलण्याचा मोह होतो कां? कारण तुकडा त्याचाच होतो. ज्या कात्रीनें प्रसिद्धि द्यावयाची तिनेंच शेवटीं गळा कापला.

आम्ही स्वतः ह्या दोषापासून मुक्त नाहीं. एका लेखकास 'आजच्या तरुणांस वाचतांच येत नाहीं' असें म्हणतांना एका तुकड्यांत पाहिलें, आणि अध्यापकांच्या खोलींत आम्हीं त्याची यथेच्छ निंदा केली. पुढें सबंध मुलाखत पाहिली. तें मत त्याचें नव्हतेंच. खोडण्यासाठीं त्यानें तें आधीं मांडलें होतें. पूर्वपक्षाला सिद्धान्त समजणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्यांत ज्याची तीस वर्षें गेलीं, तोच येथें नापास झाला! दुसऱ्या दिवशीं आम्हीं चूक कबूल केली. परंतु निंदा ऐकणारे सातजण होते, कबुली ऐकावयास दोघेच हजर होते. उरलेल्या पांचांच्या मनांत तो लेखक अजून तरुणांचा निंदकच असेल.

म्हणून आमचें मागणें पोलिसांकडे नाहीं कीं वाहिन्यांकडे नाहीं. तें आमच्यासारख्या घरांकडे आहे. आठवड्यांतून एक मुलाखत सर्वांनीं मिळून आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावी. आलेला तुकडा पुढें धाडण्यापूर्वीं त्याच्या मागचें पुढचें काय, हें मुलांनीं वडिलांस आणि वडिलांनीं मुलांस विचारावें. वेळ नाहीं, ही सबब आम्हांस मान्य आहे. ज्यास वेळ नाहीं त्यानें खुशाल ऐकूं नये. मात्र मग निकालही देऊं नये. बोटींतल्या त्या तरुणास आम्ही हेंच सांगणार होतों. पण तोंवर धक्का आला आणि तो उतरून गेला.