चित्रपट पाहिला, मग पुस्तक कशाला?

‘चित्रपट पाहिला, आता त्यावरची कादंबरी कशाला वाचायची?’ असे आमच्या धरमपेठेतली पुष्कळ मुले म्हणतात. मला हे मत पटत नाही.

१९६६ सालचा ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ हा चित्रपट घ्या. माणसांसह एक पाणबुडी सूक्ष्म करून रुग्णाच्या रक्तात सोडतात. ६० मिनिटांनी ती पूर्ववत मोठी होणार असते. शेवटी पांढरी रक्तपेशी पाणबुडी गिळते, माणसे डोळ्यावाटे अश्रूतून बाहेर येतात आणि रुग्ण वाचतो!

पण गिळलेली पाणबुडी मोठी व्हायला नको का? तिचे तुकडे झाले, तरी अणू नाहीसे होत नाहीत. पटकथेवरून कादंबरी लिहिताना आयझॅक असिमॉव्ह यांनी ही चूक सुधारली. त्यांच्या पुस्तकात ती पेशीच पाणबुडीच्या अवशेषांसह बाहेर आणली जाते.

माणूस सूक्ष्म होणे ही कल्पना. ती एकदा मान्य करू. परंतु मान्य केलेला नियम शेवटपर्यंत पाळला पाहिजे. भूमितीत गृहीत धरलेली गोष्ट आपण मध्येच सोडतो का? तेव्हा चित्रपट जरूर पाहा, पुस्तकही वाचा, आणि डॉ. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथाही याच कसोटीवर घासून पाहा. चूक सापडली, तर आनंद तुमचाच!