ठासणीच्या बंदुकीची पीछेहाट

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी खास चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला. अठराव्या शतकात तिथल्याच लँकेस्टर परिसरात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची चकमकीची रायफल घडवली होती.

ती भरायची म्हणजे मापाने दारू ओतायची, तेलकट चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून गजाने तळापर्यंत ठासायची, मग रंजक, म्हणजे बार पेटवणारी बारीक दारू, घालायची. चाप ओढला की ठिणगी, धूर आणि क्षणभराने बार. रंजक भिजली तर तोही नाही! बार एकच, म्हणून शिकाऱ्याला सावजाच्या जवळ जावं लागतं, वाट पाहावी लागते. या बंदुकीचं खरं मोल त्या संयमात आहे.

१९८५ मध्ये मिसुरीच्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ ही ठासणीचीच नवी बंदूक आणली. तिची ठिणगी थेट दारूमागेच पडते. पुढे दारूच्या तयार वड्या आणि दुर्बिणी आल्या. गोळी नळीच्या तोंडातूनच भरली जात असल्याने बहुतेक राज्यांनी या बंदुकांना ठासणीच्या हंगामात मुभा दिली आणि जुनी बंदूक भिंतीवर गेली.

कोलोरॅडोने या हंगामात वड्या आणि दुर्बिणींना मज्जाव केला. पेनसिल्व्हेनियाने नाताळनंतरचा हंगाम चकमकीपुरताच राखला. दोन्ही राज्यांचं हे धोरण योग्यच आहे. इतरांनीही निदान काही दिवस तरी असे राखून ठेवायला हवेत.