गाडी तीच, की दुसरीच?

तुमच्या घरी एखादी जुनी गोधडी आहे का? पणजीनं शिवलेली, मग आजीनं तिच्यावर आपल्या साडीचं ठिगळ लावलेलं, मग आईनं कडा नव्यानं टाचलेल्या. पणजीच्या हातचं कापड त्यात वीतभरही उरलेलं नसेल. तरी घरात सगळे तिला ‘पणजीची गोधडी’च म्हणतात, आणि त्यावरून कुणी कोर्टात जात नाही.

गोधडीच्या जागी एक कोटी पौंडांची गाडी असली, की मात्र लोक कोर्टात जातात. आजची गोष्ट अशाच एका गाडीची.

इथे बेंगळुरूत व्हिंटेज गाड्यांची रॅली निघाली की बघायला ही गर्दी होते. लोक सेल्फी काढतात आणि ठरलेले दोन प्रश्न विचारतात, ‘केवढ्याला घेतली?’ आणि ‘मायलेज किती देते?’ जुन्या गाड्यांचे खरे शौकीन मात्र तिसराच प्रश्न विचारतात: ‘ही कुठे कुठे धावली आहे?’ एखादी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार कधी काळी मोठ्या शर्यतीत उतरली होती हे सिद्ध झालं, तर तिची किंमत साध्या गाडीच्या कितीतरी पट होते. पण हे सिद्ध करायचं कसं?

नंबर एकची कमाई

गाडीचं नाव ‘ओल्ड नंबर वन’. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’. इंजिन साडेसहा लिटरचं, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० च्या आठपट. १९२९ साली फ्रान्समधल्या ‘ल मान्स’च्या २४ तासांच्या शर्यतीत तिच्यावर १ हा आकडा रंगवला होता, त्यावरून हे नाव पडलं. वूल्फ बर्नाटो आणि टिम बर्किन या दोघांनी ती आळीपाळीनं चालवली. २४ तासांत ती २,८०० किलोमीटरहून जास्त धावली. आपण बेंगळुरूहून निघालो तर दिल्ली आणि अमृतसरही मागे पडेल, एवढं अंतर. ती पहिली आलीच, पण तिच्यामागचे तीन नंबरही बेंटलीच्याच गाड्यांनी पटकावले. १९३० साली बर्नाटोनं ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन तिच्यावरच पुन्हा ल मान्स जिंकलं.

पुढे ती इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर धावू लागली. १९०७ साली सुरू झालेल्या या ट्रॅकची वळणं कढईच्या कडेसारखी चढत जाणारी होती. १९३१ साली तिथली ५०० मैलांची शर्यत जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी याच गाडीवर जिंकली.

पुढच्या वर्षीसाठी तिला आठ लिटरचं मोठं इंजिन बसवलं. सप्टेंबर १९३२ मधल्या त्या शर्यतीत जॅककडून त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह यानं स्टिअरिंग घेतलं. पुढच्या गाडीला ओव्हरटेक करताना बेंटली वळणाच्या वरच्या कडेवरून बाहेर फेकली गेली. क्लाइव्ह जागीच गेला.

मोडलेली गाडी बर्नाटोनं भंगारात दिली नाही. दुरुस्त करून, बंद टपाची बॉडी चढवून, ती रस्त्यावर चालवायची गाडी केली. पुढे अनेक वर्षांनी एडवर्ड हबर्ड या मालकानं तिला पुन्हा शर्यतीच्या गाडीचं रूप दिलं.

कोर्टात काय झालं?

१९९० साली मिडलब्रिज नावाच्या कंपनीनं ही गाडी एक कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि नंतर माघार घेतली. त्यांचं म्हणणं, ही ल मान्स जिंकलेली गाडी नव्हेच! हबर्ड कोर्टात गेले.

मग तज्ज्ञांनी गाडीचा एकेक भाग तपासला. १९२९ च्या गाडीतलं काय उरलं होतं? फार तर काही किरकोळ फिटिंग, तीही नक्की कधीची ते सांगता न येणारी. १९३० च्या गाडीतला गिअरबॉक्सचा डबा, पेडलचा दांडा आणि स्टिअरिंगचा कॉलम. चासी, पुढचा अ‍ॅक्सल, आठ लिटरचं इंजिन हा मोठा ऐवज १९३२ चा, म्हणजे क्लाइव्हच्या अपघाताच्या वेळचा.

तुम्ही न्यायाधीश असता तर काय म्हणाला असता?

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल हबर्डच्या बाजूनं दिला. गाडी ‘जशीच्या तशी मूळ’ नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण ती नक्कलही नाही, असं सांगितलं. शर्यतीच्या गाडीचे भाग बदलतच असतात, कारण टीमला पुढची शर्यत जिंकायची असते, म्युझियम भरायचं नसतं. या गाडीत बदल होत गेले, पण तिच्या इतिहासात कुठेही खंड पडला नाही. शिवाय ‘ओल्ड नंबर वन मीच’ असा दावा करू शकेल अशी दुसरी गाडी जगात नव्हती. म्हणून ही अस्सल ओल्ड नंबर वनच.

मला या निकालातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गाडी ‘तीच’ ठरली ती तिच्यातल्या लोखंडामुळे नाही. कुठल्या साली काय बदललं, कुणी बदललं, गाडी कुणाकडून कुणाकडे गेली, याचा माग सलग लागत होता म्हणून. त्या मागात ल मान्सचे दोन विजय आहेत तसा क्लाइव्हचा मृत्यूही आहे. तो वगळून नुसते विजय सांगितले असते, तर साखळीच तुटली असती.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही शर्यती झाल्या. चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तिथे अनेक दशकं गाड्या धावल्या, बेंगळुरूहून शौकीन जात. तेव्हा बाहेरून पार्ट मागवणं महाकठीण, त्यामुळे एका गाडीचं इंजिन दुसरीत हे सर्रास चाले. अशा गाडीचा माग काढायचा तर चासी नंबर, आरसी बुक, शर्यतीची छापील पत्रकं आणि जुने फोटो यांचाच आधार. एमजी, ऑस्टिन, ट्रायम्फ अशा गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. चासी नंबर कळवून, फी भरली की गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली, याचं प्रमाणपत्र मिळतं.

२०२१ पासून आपल्या सरकारनंही ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली आहे. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणजे कागद आणि इतिहास इथेही कामाला येणारच.

तुमच्याकडे बेंटली नसेल. पण आजोबांची लँब्रेटा, बाबांची पद्मिनी किंवा काकांची बुलेट असेल, तर या रविवारी एवढं करा:

१. आरसी बुक शोधा, सगळ्या पानांचे फोटो काढा. आधीच्या मालकांची नावं तिथेच असतात.

२. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचून आरसीशी ताडून बघा. जुळत नसतील तर इंजिन कधी बदललं ते घरात विचारा.

३. गॅरेजची जुनी बिलं टाकू नका. कुठला पार्ट कधी बदलला याचा तोच पुरावा.

४. जुन्या फोटोंच्या मागे साल, गाव आणि माणसांची नावं लिहा. पेन्सिलनं, शाईनं नको.

५. घरातल्या मोठ्यांना गाडीविषयी बोलतं करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. ‘खंडाळ्याच्या घाटात बंद पडली होती’ हेही त्यात येऊ द्या.

यातलं पाचवं काम आधी करा. आरसी बुक कपाटात आणखी दहा वर्षं राहील, सांगणारी माणसं राहतीलच असं नाही.