सरवा वेचणाऱ्या तिघी

झाँ-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या 'सरवा वेचणाऱ्या बायका' या चित्राची स्तुती आपल्याकडे बहुधा भलत्याच कारणासाठी होते, असे माझे मत आहे. आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच. चित्र तसे अपरिचित नाही. १८५७ साली पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, ते प्रथम लागले. आज ते पॅरिसमधल्याच ओर्से संग्रहालयात आहे. आपल्यापैकी ज्यांनी पाहिले असेल त्यांनी त्याची छापील प्रतच पाहिली असणार; मीही तीच पाहिली आहे. आणि ती पाहताना शेजारून हमखास उद्गार येतो, "किती शांत! खेड्यातले जीवन किती साधे, किती सुंदर!" हा उद्गार ऐकला की वाटते, या माणसाने चित्राचे रंग पाहिले, चित्र पाहिलेच नाही.

चित्रात आहे काय? गव्हाची कापणी होऊन गेलेले एक सपाट, विस्तीर्ण शेत. अगदी पुढे तीन बायका. एकीच्या डोक्याला निळा फडका, दुसरीच्या तांबडा, तिसरीच्या पिवळसर. पहिल्या दोघी कमरेत पार वाकल्या आहेत, हात जमिनीशी गेले आहेत. निळ्या फडक्याच्या बाईने एक हात पाठीवर घेतला आहे आणि त्या मुठीत वेचलेल्या काड्या धरल्या आहेत. ज्याने दिवसभर वाकून काम केले आहे, किंवा करणाऱ्याला जवळून पाहिले आहे, त्याला तो पाठीवरचा हात काय आहे हे सांगावे लागत नाही. तिसरी अर्धवट वाकलेली. ती आता वाकते आहे की उठते आहे, हे मी पुष्कळदा पाहूनही ठरवू शकलो नाही. तिघींचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात त्या पाठी, जाड कापडाचे कपडे, वेचलेले धान्य ठेवण्यासाठी कमरेशी खोचून केलेला ओचा, आणि हात.

आता नजर मागे न्यावी. तेथे दुपार कलल्याचा सोनेरी उजेड आहे, धान्याच्या गंजी उभ्या आहेत, पेंढ्यांनी गाडी भरली जात आहे, कापणी करणाऱ्या माणसांची गर्दी आहे. आणि उजव्या कडेला, लहानसा, घोड्यावर बसलेला एक माणूस आहे. तो त्या शेताचा कारभारी. सगळी सुगी तिकडे, आणि पुढे या तिघींच्या मुठीत चार-सहा काड्या! चित्र अवघे ८४ सेंटिमीटर उंच आणि ११० सेंटिमीटर रुंद. पण या पुढच्या तीन बायका आणि मागची गंजी यांच्यामध्ये जे अंतर मिलेने ठेवले आहे ते कोसांनी मोजावे असे आहे.

आपल्या भाषेत या कामाला 'सरवा' हा शब्द आहे, हे मला फार मोलाचे वाटते. शहरात वाढलेल्या मित्रांसाठी सांगतो: पीक काढून मालकाने नेले की शेतात जे दाणे, कणसे, शेंगा राहून जातात तो सरवा. तो वेचायला येतात त्या ज्यांना स्वतःचे शेत नाही त्या. फ्रान्समध्येही हा गरिबांचा जुना हक्क होता. १५५४ सालच्या एका राजाज्ञेने तो म्हातारे, अपंग, लहान मुले अशा दुबळ्यांना दिला होता; मात्र पीक उचलून झाल्यावर आणि सूर्य मावळायच्या आत. म्हणजे दाणा देणार, पण वेळ मोजून. घोड्यावरचा तो माणूस या दृष्टीने पाहावा. तो या बायकांना हाकलत नाही, त्यांच्याकडे पाहतोही आहे असे नाही. तो नुसता आहे.

म्हणून या चित्राला 'शेतकऱ्याच्या जीवनाचे चित्र' म्हणतात तेव्हाही मी थबकतो. शेतकरी मागे आहे, गंजीपाशी. पुढे आहेत त्या शेती नसलेल्या बायका. आपल्याकडे ग्रामीण म्हटले की बळीराजा, काळी आई आणि घामाचे मोती एवढ्यावर भागते. आपल्या अंकातही दरवर्षी अशा दोन-तीन कविता असतातच. एखाद्या वर्षी नसल्या तर संपादकांनाच चुकल्यासारखे वाटत असावे. त्या कवितांत सरवा वेचणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

आमच्या घरची सात एकर जिरायत आहे. म्हणजे या चित्रात आमची जागा शोधायची तर ती पुढे नाही, मागे आहे. भुईमूग काढून झाला की आमच्या बांधावर खुरपी घेऊन बायका येऊन बसत, आणि आजी शेवटची पाटी घरी गेल्यावरच "आता शिरा गं" म्हणे, असे वडील सांगतात. तोवर त्या बसून राहत. आजी कठोर नव्हती. सुगीच्या दिवसांत तिने कोणाला रिकाम्या ओच्याने परत पाठवल्याचे ऐकिवात नाही. पण "आता शिरा" हे म्हणण्याचा अधिकार तिचा होता, त्यांचा नव्हता. मिलेचे चित्र समोर आले की मला त्या बायकांआधी आजी आठवते. आता गव्हाला पंजाबकडचे हार्वेस्टर येतात, तासाभरात रान मोकळे होते, आणि बांधावर तसे कोणी येऊन बसत नाही. त्या बायका आता कोठे जातात, असे मी घरी विचारले तेव्हा कोणालाच नीट सांगता आले नाही.

'किती शांत' म्हणणाऱ्यांपेक्षा १८५७ सालचे चिडलेले टीकाकार मला या चित्राच्या अधिक जवळचे वाटतात. १८४८ च्या क्रांतीला अजून दहा वर्षेही झाली नव्हती. पॉल द सँ-व्हिक्तोर या समीक्षकाने या तिघींना दारिद्र्याच्या नियतिदेवता म्हणून हिणवले. दुसऱ्या एकाला त्यांच्या मागे १७९३ सालचे वधस्तंभ दिसू लागले. चित्रात वधस्तंभ नाही, मूठ वळलेला हात नाही, कोणी वर मान करूनसुद्धा पाहत नाही. तरी सुखवस्तू पॅरिसकर घाबरले ते उगाच नव्हे. तोवर गरीब माणूस चित्रात येई तो कोपऱ्यात, दया उत्पन्न करण्यापुरता किंवा गंमत म्हणून. येथे तीन गरीब बायका शिल्पासारख्या भरीव होऊन चित्राच्या मध्यभागी आल्या, आणि गाड्या, घोडा, गंजी या गोष्टी मुंगीएवढ्या झाल्या. स्वतः मिले मात्र आपण समाजवादी असल्याचे नाकारीत असे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे. त्याला घोषणा द्यायची असती तर त्याने चेहरे दाखवले असते. हे चित्र म्हणजे वर्गलढ्याचे भित्तिपत्रक, असे म्हणणाऱ्या आपल्या काही मित्रांशीही म्हणूनच माझे जमत नाही.

मिले १८१४ साली नॉर्मंडीतल्या ग्र्युशी नावाच्या वस्तीत शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तरुणपणी त्याने घरच्या शेतात काम केले होते. पुढे पॅरिसला चित्रकला शिकला आणि १८४९ साली फोंतेन्ब्लोच्या जंगलाकडेच्या बार्बिझोन या गावी जाऊन राहिला, तो १८७५ साली मरेपर्यंत. या चित्राचे त्याला तीन हजार फ्रँक मिळाले. १८८९ साली तेच चित्र लिलावात तीन लाखांना गेले. या आकड्यांवर कोणी सुस्कारा टाकील, पण ती चित्रकलेची नेहमीचीच कहाणी आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. वाकण्याच्या तीन अवस्था त्याने तीन बायकांत वाटून दिल्या आहेत: शोधणे, उचलणे, आणि पुन्हा वाकण्यापूर्वीचा तो एक क्षण. हे स्टुडिओत बसून सुचत नाही. त्याची करुणा अश्रूंत नाही, अचूकपणात आहे. आणखी एक गोष्ट पाहावी. वाकलेल्या दोघी क्षितिजाच्या खालीच राहतात. तिसरीचे डोके जेमतेम तेथवर पोहोचते. आकाश आहे, उजळलेलेही आहे, पण ते त्यांच्या वाट्याला आलेले नाही.

आपल्या परंपरेत सरव्याला मोठा मान आहे, असे येथे कोणी म्हणेल. खरे आहे. शेतात पडलेला एकेक दाणा वेचणे ते उंछ, कणसे वेचणे ते शिल. त्यावर राहणाऱ्याची वृत्ती श्रेष्ठ मानली गेली. कणाद हे नावही कण वेचून खाण्यावरून आले, अशी व्युत्पत्ती सांगतात. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातले ते अर्धे सोन्याचे मुंगूस तर सर्वांना ठाऊक आहे: उंछवृत्तीच्या ब्राह्मणाने उपाशी कुटुंबाच्या तोंडचे सातू अतिथीला दिले, त्या पिठात लोळून त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले, आणि युधिष्ठिराच्या यज्ञात उरलेले अर्धे काही सोन्याचे होईना. कथा मला फार आवडते. पण तिथे वेचणे हे व्रत आहे. आणि व्रत घेणाऱ्याला ते न घेण्याची मोकळीक असते. मिलेने बायबलातली रूथची कथाही आधी रंगवली होती. तीही सरवा वेचणारीच, पण कथेत तिला शेतमालक भेटतो आणि तिचे कल्याण होते. १८५७ च्या चित्रात त्याने कथा टाकून दिली. या तिघींना कोणी भेटायला येणार नाही. त्यांच्या मुठीतल्या काड्यांची संध्याकाळी भाकरी व्हायची आहे, एवढेच.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग मिलेला गुरुस्थानी मानीत असे. १८८९-९० मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना त्याने मिलेच्या शेतकाम करणाऱ्या माणसांची चित्रे पुन्हा रंगवली, तीही छापील, बिनरंगी प्रतींवरून. तेव्हा मूळ चित्र पाहायला मिळत नाही म्हणून आपण हळहळण्याचे कारण नाही. ग्रंथालयातल्या कलेतिहासाच्या पुस्तकात प्रत आहे. ती खिडकीजवळ नेऊन पाहावी, आणि मित्रांना माझी विनंती अशी की पुढच्या बायका सोडून आधी उजवीकडची वरची बाजू पाहावी. कोणाला खोलीत लावायला प्रत घ्यायची असेल तर चौकटीत बसवण्यासाठी ती कड कापलेली नाही ना, एवढे तपासून घ्यावे. तो घोडेस्वार नसेल, तर ती प्रत विकत घेऊ नये.