संगणकाची परीक्षा आणि आपली

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेत आकड्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, माणसाची गुणवत्ता आकड्यात मावत नाही, सबब गुणपत्रिका हा निव्वळ फार्स आहे. दुसरा पक्ष एकोणसाठ आणि साठ यांतील फरक म्हणजे जणू दोन माणसांच्या बुद्धीतील फरक असे धरून चालतो. गंमत अशी की पुष्कळदा हे दोन्ही पक्ष एकाच व्यक्तीत सुखाने नांदतात. परीक्षेपूर्वी एक बोलतो आणि चांगला निकाल लागल्यावर दुसरा.

या वादात एक बाहेरचा साक्षीदार बोलावण्याचा विचार आहे. तो म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. हा विषय आपला नव्हे असे म्हणून कृपया पान उलटू नये. मोजमाप म्हणजे काय, ते कसे बिघडते आणि बिघडल्यावर कसे दुरुस्त करावे, या प्रश्नांशी प्रोसेसरच्या संशोधकांनी जितक्या चिकाटीने झुंज दिली तितकी आपण आपल्या परीक्षांच्या बाबतीत दिलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आज्ञा पाळणारा भाग. या दोन संख्यांची बेरीज कर, उत्तर अमुक ठिकाणी ठेव, ते शून्य असेल तर तमुक आज्ञेकडे जा, अशा अगदी बारीकसारीक आज्ञा तो एकामागून एक पाळत असतो. त्याची अंतर्गत रचना कशी असली म्हणजे काम लवकर होईल, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र संशोधनशाखाच आहे. पण 'लवकर' हा शब्द दिसतो तितका साधा नाही. कामाला लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: एकूण आज्ञा किती, एका आज्ञेला घड्याळाचे सरासरी ठोके किती, आणि एका ठोक्याला वेळ किती. जाहिरातदार मात्र या तिघांपैकी त्याच्या सोयीची एकच गोष्ट मोठ्या टायपात छापतो. भरभर पावले टाकणारा माणूस आधी पोचतोच असे नाही. त्याचे पाऊल आखूड असेल, किंवा त्याने धरलेली वाटच लांबची असेल.

याचे प्रसिद्ध उदाहरण 'व्हॅक्स ११/७८०' या यंत्राचे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने ते १९७७ साली बाजारात आणले. सेकंदाला दहा लाख आज्ञा पाळणारे यंत्र अशी त्याची ख्याती झाली. इतकी, की इतर यंत्रांचा वेगही 'व्हॅक्सच्या इतके पट' अशा भाषेत सांगितला जाऊ लागला. १९८४ साली त्याच कंपनीतील जोएल एमर आणि डग्लस क्लार्क या दोन संशोधकांनी यंत्राला मोजणीचे उपकरण जोडले आणि नेहमीसारखी कामे चालू असताना प्रत्येक ठोका कोठे खर्च होतो ते तपासले. सरासरी एका आज्ञेला १०.६ ठोके लागत होते आणि एक ठोका २०० नॅनोसेकंदांचा होता. हिशेब केला तर सेकंदाला पावणेपाच लाखांच्या आसपास आज्ञा होतात! दहा लाखांची गोष्ट कोणी लबाडीने रचली होती असे नव्हे. दुसऱ्या एका यंत्राशी तुलना करता करता तो आकडा रूढ झाला आणि पुढे तो तपासून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. विशेष हे की आपल्याच कंपनीच्या मालाविषयीचे हे सत्य कंपनीच्याच माणसांनी जाहीर परिषदेत मांडले.

याच क्लार्क यांची दुसरी हकीकत याहून बोधप्रद आहे. व्हॅक्सला तीनशेहून अधिक आज्ञा येत होत्या. जितक्या जास्त आणि जितक्या गुंतागुंतीच्या आज्ञा, तितका प्रोसेसर विद्वान, अशी त्या काळची समजूत होती. १९८० साली बर्कले विद्यापीठाचे डेव्हिड पॅटर्सन आणि बेल प्रयोगशाळेचे डेव्हिड डिट्झेल यांनी एका लेखात उलट बाजू मांडली: आज्ञा थोड्या आणि साध्या ठेवा, म्हणजे प्रत्येक आज्ञा झटपट पार पडेल. या विचारसरणीला पुढे 'रिस्क' हे नाव रूढ झाले. क्लार्क आणि त्यांचे सहकारी विल्यम स्ट्रेकर यांनी त्याच नियतकालिकात लगेच उत्तर दिले, की हे सारे ठीक, पण पुरावा कोठे आहे? आक्षेप रास्त होता. बर्कलेच्या मंडळींनी तो मनावर घेतला. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून अवघ्या ३१ आज्ञांचा प्रोसेसर रचला आणि १९८२ साली तो प्रत्यक्षात उतरला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांनी १९८१ पासून याच दिशेने काम चालवले होते. आयबीएम कंपनीत जॉन कॉक यांचे तर त्याही आधीपासून सुरू होते.

आणि १९९१ साली काय झाले? ज्यांनी पुरावा मागितला होता त्या क्लार्क यांनीच, दिलीप भांडारकर या सहकाऱ्याबरोबर, पुरावा प्रसिद्ध केला. हे भांडारकर म्हणजे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. दोघेही तेव्हा व्हॅक्स बनवणाऱ्या कंपनीतच होते. त्यांनी व्हॅक्स घराण्यातील एक यंत्र आणि रिस्क पद्धतीचे एक यंत्र, दोहोंची अंतर्गत मांडणी शक्य तितकी सारखी असेल अशा बेताने निवडले आणि तेच कार्यक्रम दोहोंवर चालवले. रिस्क यंत्राला त्याच कामासाठी जवळजवळ दुप्पट आज्ञा पाळाव्या लागल्या. परंतु प्रत्येक आज्ञेला ठोके इतके कमी लागले की एकंदर काम सरासरी अडीच पटींहून अधिक लवकर झाले. प्रतिपक्षाची बाजू खरी ठरली हे त्यांनी स्वतःच्या मोजणीने सिद्ध करून दाखवले. आपल्याकडील वादविवाद स्पर्धांत असा शेवट कधी झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही!

इथवर मोजमापाचे गुणगान झाले. आता त्याची दुसरी बाजू.

यंत्रांची तुलना करायची तर सर्वांना एकच प्रश्नपत्रिका हवी. १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी 'ड्रायस्टोन' नावाचा एक छोटा कार्यक्रम तयार केला. तो स्वतः काहीही उपयोगाचे काम करत नाही. नेहमीच्या कार्यक्रमांत जशा प्रकारच्या आज्ञा आढळतात त्यांचे मिश्रण तेवढे त्यात आहे. थोडक्यात, ही नमुना प्रश्नपत्रिका. ती लोकप्रिय होताच कंपायलर लिहिणारे तिच्या तयारीला लागले. (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या कार्यक्रमाचे प्रोसेसरच्या आज्ञांत भाषांतर करणारा कार्यक्रम.) ज्या कामाचे उत्तर पुढे कोणी वापरतच नाही ते काम चतुर कंपायलर चक्क गाळून टाकू लागला. यंत्राला गुण पडले, पण काम झालेच नाही.

यावर उपाय म्हणून १९८८ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन 'स्पेक' ही संस्था काढली. तिने ठरवले, की नमुन्याचे प्रश्न नकोत, प्रत्यक्ष वापरातले कार्यक्रम हवेत. १९८९ च्या पहिल्या संचात असे दहा कार्यक्रम होते. त्यांपैकी 'मॅट्रिक्स-३००' या कार्यक्रमाचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जात असे. झाले! कंपायलरवाल्यांनी ती एक ओळ हेरली, तिच्यावर मेहनत घेतली आणि त्या एका विषयात यंत्रांचे गुण कित्येक पटींनी वाढले. सरासरी वर गेली, मात्र यंत्रावर इतर काम करणाऱ्याला त्याचा लाभ शून्य.

मित्रहो, हे वाचताना कोणाची आठवण होते? मला आपल्या अपेक्षित प्रश्नसंचाची होते. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात घेतल्या की यंदाची पत्रिका अर्धीअधिक ओळखता येते. नेमलेली कादंबरी न उघडता तिच्यातील स्त्रीव्यक्तिरेखांवर दोन पाने लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी उत्तीर्ण होतात. ते ढ आहेत असे मुळीच नाही. त्यांनी मॅट्रिक्स-३०० ची ओळ हेरलेली आहे, इतकेच. आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलेला विचार ठाऊक आहे: एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याचा भरवसा कमी होतो. आम्ही या विचारावर टीपही लिहितो, आणि तीसुद्धा गाइडातून!

मग परीक्षाच नको काय? येथे माझा पहिल्या पक्षाशी तीव्र मतभेद आहे. माप नाहीसे झाले की त्याची जागा न्याय घेत नाही, वशिला घेतो. लहान गावातून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीच्या हाती निवड समितीपुढे ठेवायला गुणपत्रिकेखेरीज काय असते? बर्कलेचे विद्यार्थी बड्या कंपन्यांपुढे उभे राहू शकले ते वक्तृत्वाच्या जोरावर नव्हे. कोणालाही पडताळून पाहता येईल असे मोजमाप होते म्हणून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. दुबळ्याला आकड्याची गरज अधिक असते, हे आकड्यांचा तिरस्कार करणाऱ्यांनी विसरू नये.

स्पेकनेही परीक्षा बंद केली नाही. तिने १९९२ च्या संचातून मॅट्रिक्स-३०० काढून टाकला आणि पुढे १९९५, २०००, २००६, २०१७ असे संच नव्याने रचले. शिवाय निकाल प्रसिद्ध करताना यंत्र कोणते, कंपायलर कोणता, त्याला कोणत्या सूचना दिल्या, हे सर्व उघड करण्याचे बंधन घातले. म्हणजे आकडा एकटा फिरायचा नाही. तो कसा मिळाला ही हकीकत त्याच्याबरोबर हवी.

तरीही एक गोष्ट निसटलीच. वेगासाठी आधुनिक प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते काम आधीच करून ठेवतात आणि अंदाज चुकला तर ते टाकून देतात. पण टाकून दिलेल्या कामाच्या खुणा आत उरतात, आणि त्यांवरून दुसऱ्याची गुपिते काढता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या नावांनी जगजाहीर झाले. वर्षानुवर्षे परीक्षा वेगाची होती. गुप्तता राहते का, हा प्रश्न पत्रिकेत नव्हता. जे विचारले गेले नाही तिकडे दुर्लक्ष झाले.

यावरून प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आपल्या हाती नसेल, पण महाविद्यालयातील चाचण्या आणि प्रकल्प आहेत. त्यांत दर वेळी एक तरी प्रश्न असा असावा की जो कोणत्याही गाइडात सापडणार नाही: न वाचलेला उतारा, ताज्या जनगणनेचा एखादा तक्ता, गावातील बाजाराची स्वतः केलेली पाहणी. प्रत्येक चाचणीनंतर तिने नेमके काय तपासले आणि काय तपासलेच नाही, यावर वर्गात दहा मिनिटे बोलावे.

आणि आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? प्रश्नसंच वाचू नये असे सांगण्याचा ढोंगीपणा मी करणार नाही. पण वर्षभरात निदान एक पुस्तक असे वाचावे की ज्यावर कधीच प्रश्न येणार नाही. आणि ज्या मताला आपण कडाडून विरोध केला, ते तपासाअंती खरे ठरले तर क्लार्क यांच्याप्रमाणे ते आपल्या नावाने जाहीर करावे. अशा धैर्याला विद्यापीठ गुण देत नाही. पण आपण सुशिक्षित आहोत की नुसतेच उत्तीर्ण, हे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरेल.