तीन सिलिंडरवर घरी

मोर्स टेस्ट आपण सगळ्यांनी केली आहे. म्हणजे जर्नलमध्ये केली आहे! दोघं डायनामोमीटरपाशी, एक जण रीडिंग घेतोय आणि उरलेली बॅच मागच्या वर्षीचं जर्नल शोधतेय. एकेका सिलिंडरचं इंधन तोडायचं, लोड कमी करून आरपीएम पूर्वीइतका आणायचा, बी.पी. किती पडली ते लिहायचं. ओरलला 'पर्पज काय?' विचारलं की 'फ्रिक्शन पॉवर काढणे, सर'. संपलं.

माझं म्हणणं एवढंच, की हीच टेस्ट घाटात अडकलेल्या जुन्या डिझेल जीपवर होते, आणि आपल्यापेक्षा नीट होते. मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा सैल करतो. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो मेलेला. मग त्याचा पाइप सोडून त्यातलं डिझेल डब्यात घेतो आणि वडापचा ड्रायव्हर दहा पॅसेंजर घेऊन हळूहळू गावी पोचतो. आपण याला 'जुगाड' म्हणून हसतो. पण त्यातलं कारण विचारलं तर आपल्यातले किती जण सांगतील?

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. व्हॉल्व्ह जळाला, कॉम्प्रेशन गेलं, तरी पंप बिचारा इंधन मारतच राहतो. ते जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली संपमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंगं जातात. म्हणून इंधन तोडायचं. मग पंपाचं तोंडच बूच मारून बंद का नाही करत? कारण प्लंजर ढकलतच असतो आणि डिझेल दाबलं जात नाही; पंप तरी फुटेल नाहीतर पाइप. म्हणून डबा. तोही गरम मॅनिफोल्डपासून लांब.

आता पॉवर. चारातला एक गेला म्हणजे पाऊण उरली, असं आमच्या रूमवर सगळ्यांचं मत पडलं. समजा आय.पी. ४० किलोवॅट, फ्रिक्शन १०, हाती ३०. एक सिलिंडर गेला की आय.पी. ३०, फ्रिक्शन जवळपास तेवढंच, हाती २०. पाऊण नाही, दोन तृतीयांश! शिवाय १८० अंशांवर बसणारा धक्का एका ठिकाणी थेट ३६० अंशांनी येतो, म्हणून गाडी थरथरते. मिस्त्री 'चढाला रेटू नको' सांगतो ते उगाच नाही.

पण मिस्त्रीचं सगळंच डोक्यावर घ्या, असंही मी म्हणणार नाही. नोझल अडकला किंवा व्हॉल्व्ह जळाला असेल तर तीनवर जाणं ठीक. बिग एंड ठोकत असेल तर नाही. इंधन तोडल्यावर ठोका कमी होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं, पण कनेक्टिंग रॉड फिरतोच आहे. तो तुटला की ब्लॉक फोडून बाहेर येतो. तिथे पिस्टन-रॉड काढूनच पुढे जायचं, आणि तेव्हाही क्रँकपिनचं ऑइलचं भोक बंद करायला हवं, नाहीतर ऑइल प्रेशर पडतं.

आणि कॉमन रेल? १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये ही पद्धत मोटारीत आली तेव्हाच प्रेशर १३५० बारपर्यंत होतं. आता २००० च्या वर जातं. चालू इंजिनावर तिथे पाना लावला तर डिझेलची धार कातडी फोडून बोटात शिरते. वरून जखम टाचणीएवढी, पण बोट जाऊ शकतं. इथे पाना नाही, इंजेक्टरचा वायरिंग कनेक्टर काढायचा. मात्र इंजेक्टर उघडाच अडकला असेल तर कनेक्टर काढूनही तो गळतच राहतो. तेव्हा इंजिन बंद आणि टोइंग, दुसरा उपाय नाही. जुन्या जीपवर हात बसलेल्या माणसाला हा फरक कोणी सांगायचा? चार वर्षं फी भरून शिकणाऱ्यांनीच ना?

म्हणून डिपार्टमेंटला विनंती. मोर्स टेस्टच्या ओरलला पर्पज विचारू नका. बिघाड सांगा आणि विचारा, ही गाडी तीनवर पाठवशील की टोइंग बोलावशील, आणि का? आणि वर्षातून एक दिवस स्टँडवरच्या एखाद्या मिस्त्रींना लॅबमध्ये बोलवा. चहा-वडापावचा खर्च आमची बॅच करेल.